रूम खाली करायची वेळ यायच्या आधी मध्यस्थीला कसं बसायचं (ठाणे, नवी मुंबईवाल्यांसाठी)

भाड्याचे वाद, घरातल्या घरातले वाद, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं बसून मिटवता येतं हे आता बऱ्याच जणांना माहितीये, पण लोक मध्यस्थाकडे येतात कधी, तर टेम्पो दाराशी लागल्यावर. तोवर दोन्हीकडून नको ते बोलून झालेलं असतं, मालकाने पुढच्या भाडेकरूकडून टोकन घेतलेलं असतं, मुलांची शाळा मध्येच, आणि मग बैठकीत बोलायला एकच विषय उरतो की रूम कधी खाली करताय. वस्तीतल्या अशा बैठकांना मी बसते आणि तेच तेच गोंधळ परत परत बघते, म्हणून एकदाच नीट क्रमाने लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, दोन्ही बाजूची माणसं चांगली असली तरी क्रम चुकला की बैठक वाया जाते.

एक आधीच सांगते. मध्यस्थ निकाल देत नाही. कोण बरोबर कोण चूक हे ठरवून घ्यायला येणार असाल तर निराश होऊन जाल. तिथे ठरवायचे असतात तारखा आणि आकडे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

## १. आधी बघा, हा वाद मध्यस्थीचा आहे का

भाडं थकलंय, डिपॉझिटवरून वाजलंय, भाऊ-भाऊ एका खोलीत मावत नाहीत, सासू-सुनेचं पटत नाही, शेजारी तक्रार करतात म्हणून मालक घर सोडा म्हणतोय, हे सगळं मध्यस्थीत बसतं.

हे बसत नाही:

- घरात मारहाण होतेय किंवा बाई घाबरून बोलतच नाहीये. इथे समोरासमोर बसवणं म्हणजे तिला अजून धोक्यात टाकणं. आधी ११२ किंवा महिलांची १८१ हेल्पलाईन, मग संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी बघणारे सरकारी अधिकारी). २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १७ प्रमाणे बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर कुणाच्या नावावर आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. "आपसात मिटवा" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, मग तो सांगणारा कितीही मोठा असो.
- इमारतीला महापालिकेची सी-१ म्हणजे अतिधोकादायकची नोटीस लागलीये. ती खाली करायचीच, त्यावर चर्चा नाही, जीवाशी खेळ नको. हां, पुनर्बांधणीत खोली किती मिळणार आणि तोवरचं भाडं कोण भरणार हे मालकाशी बोलायला मध्यस्थी जरूर वापरा, पण बाहेर पडायच्या आधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून लेखी घ्या. नौपाड्यातल्या, कळव्यातल्या जुन्या पागडीवाल्यांनी (एकरकमी पागडी देऊन कमी भाड्यावर राहणाऱ्यांनी) हे विसरूच नये.
- होमलोन थकून बँकेची नोटीस आलीये. सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या थकीत कर्ज वसुलीच्या कायद्याच्या) पहिल्या नोटिशीत ६० दिवस असतात, ते वस्तीतल्या बैठकीत घालवू नका. सरळ बँकेत जा आणि वकील गाठा.

## २. तुम्ही त्या घरात नक्की कोण म्हणून राहताय

हे लोकांना खरंच माहिती नसतं आणि त्यामुळे बैठकीत चुकीची धमकी दिली जाते किंवा चुकीच्या धमकीला घाबरलं जातं. ॲग्रीमेंट काढा आणि वाचा.

ठाणे-नवी मुंबईत बहुतेक जण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या करारावर) असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की मालकाला जागा परत मागायचा हक्क आहे, आणि मुदतीनंतर चिकटून बसलात तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम अंगावर येऊ शकते. म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे. मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी बोलणी सुरू करा.

पागडीवाले किंवा जुने भाडेकरू असाल तर गोष्ट वेगळी. थकबाकीसाठी मालकाने लेखी मागणी केली पाहिजे, आणि त्या नोटिशीनंतर ९० दिवस तो त्या कारणाने दावा लावू शकत नाही (कलम १५). हे ९० दिवस म्हणजेच तुमचा मध्यस्थीचा वेळ. बरेच जण नोटीस कपाटात ठेवून देतात आणि ऐंशीव्या दिवशी काय करू विचारतात.

ॲग्रीमेंटच नसेल तर? कलम ५५ प्रमाणे ते लेखी आणि नोंदणी केलेलं असणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे माहिती असू द्या, पण बैठकीत पहिल्या वाक्याला काढू नका. मालक लगेच वकिलाकडे पळतो.

तपासा: मुदत कधी संपते, डिपॉझिट किती, नोटीस पिरियड किती. ह्या तिन्हीची उत्तरं तोंडपाठ झाली की पुढे जा.

## ३. फाईल तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बैठक दीड तासाची असते, फाईलला दोन संध्याकाळ लागतात.

फाईलमध्ये ॲग्रीमेंट, डिपॉझिट दिल्याचा पुरावा, आलेली नोटीस, लाईट बिल, आणि भाड्याचा हिशोब. हिशोब म्हणजे साध्या वहीचं एक पान, महिना, किती द्यायचे होते, किती दिले, कशाने दिले, बाकी. यूपीआयने दिलं असेल तर स्क्रीनशॉट नाही, बँकेचं स्टेटमेंट काढा. रोख दिलं असेल आणि पावती नसेल तर जुने व्हॉट्सॲप मेसेज शोधा, "काका, ह्या महिन्याचे दिले हां, मिळाले ना" आणि खाली त्यांचा अंगठा, एवढं सुद्धा कामाला येतं. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप.

मग दुसरं पान, आणि हे कुणीच करत नाही. घरात महिन्याला खरंच येतं किती आणि जातं किती. किराणा, गॅस, शाळेची फी, रिक्षा, गावाला पाठवायचे पैसे, बचत गटाचा हप्ता, औषधं. उरतं किती? तो उरलेला आकडा म्हणजे तुम्ही देऊ शकता तो हप्ता, त्याच्या वर एक रुपया कबूल करायचा नाही.

नेहमीची चूक: लाजेपोटी मोठा आकडा कबूल करणं. "पुढच्या महिन्यात सगळे देतो" हे वाक्य जितकी घरं घालवतं तितकी थकबाकीही घालवत नसेल. एकदा शब्द मोडला की दुसऱ्या बैठकीला मालक येत नाही.

सावधान: वाद सुरू झाला म्हणून चालू महिन्याचं भाडं थांबवू नका, आणि "डिपॉझिटमधून वळतं करा" असं परस्पर ठरवू नका. डिपॉझिट वळतं करता येतं, पण दोघांनी ठरवून, लिहून.

## ४. मध्यस्थ कोण

फुकट आणि भरवशाचा रस्ता म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ठाण्याचं कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात आहे. साध्या कागदावर अर्ज द्यायचा, अजून केस लागलेली नाही, दाखलपूर्व मध्यस्थी हवीये असं स्पष्ट लिहायचं, समोरच्याचं नाव, पत्ता, फोन द्यायचा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००. बायकांना, मुलांना, एससी-एसटी कुटुंबांना, अपंगांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंतची मर्यादा आहे.

इथे नवी मुंबईवाल्यांचा हमखास घोळ होतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हे रायगडात, त्यांनी पनवेलच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. खारघरवरून रजा टाकून ठाण्याला येऊन परत गेलेली माणसं बघून वाईट वाटतं.

दुसरा रस्ता वस्तीतलाच माणूस. निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या ताई, महिला मंडळातल्या काकू. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन जणांचं पॅनेल सांगितलंय, आणि कलमाच्या भाषेत शिरला नाहीत तरी ती तीनची पद्धत उचला. एक तुमच्या ओळखीचा, एक मालकाच्या, एक दोघांना चालणारा, आणि त्यात निदान एक बाई असू दे, कारण घरखर्चाचा खरा आकडा घरातली बाई बाईलाच सांगते.

कोण नको: रूमचा एजंट (नवीन भाडेकरू आला की त्याला दलाली मिळते, तो तुमचं घर टिकवायला कशाला बघेल), दोघांपैकी कुणाचा नातेवाईक, आणि निवडणुकीला उभं राहायचं असलेला कुणीही.

## ५. बोलावणं कसं पाठवायचं

पहिला मेसेज वकिलाच्या नोटिशीचा नको आणि रात्री अकराचा भला मोठा व्हॉइस मेसेज तर अजिबात नको. साधं लिहा:

"काका नमस्कार. भाड्याचं थकलंय ते मान्य आहे, हिशोब तयार केलाय. तुमचं नुकसान होऊ नये आणि आमचीही सोय व्हावी म्हणून एकदा बसूया. शाळेतले सर आणि बचत गटाच्या ताई मध्ये असतील. तुम्हाला पण कुणाला आणायचं असेल तर आणा. रविवारी सकाळी जमेल का?"

ह्यात तीन गोष्टी आहेत, थकबाकी नाकारली नाही, हिशोब तयार आहे म्हटलंय, आणि त्यांना पण आपला माणूस आणायला जागा ठेवलीये. नोंदणीकृत मेसेज-बिसेजची गरज नाही, पण उत्तर आलं की जपून ठेवा.

जागा मालकाची नको, तुमची खोली पण नको. समाजमंदिर, वाचनालयाची खोली, सोसायटीचं ऑफिस रिकामं असेल तर ते. महापे-रबाळ्याला शिफ्टला जाणारा माणूस आणि मुलुंडवरून येणारा मालक, दोघांना जमेल अशी वेळ घ्या आणि लहान मुलांना त्या वेळेपुरतं शेजारी ठेवा. मुलांसमोर बापाचं कर्ज मोजलं जाऊ नये.

## ६. बैठकीतला क्रम

पहिले नियम सांगायचे: मध्ये बोलायचं नाही, इथलं बाहेर सांगायचं नाही, कुणालाही उठून जायची मुभा आहे. मग दोघांना दहा-दहा मिनिटं न तोडता बोलू द्यायचं. भाडेकरूला आधी, कारण तो घाबरलेला असतो. नंतर मध्यस्थाने दोघांशी वेगवेगळं बोलायचं, हा भाग लोक वेळ नाही म्हणून गाळतात आणि तिथेच सगळं अडतं. मालक खरं कारण सगळ्यांसमोर सांगत नाही.

मग आकडे, आणि त्यांचा पण क्रम आहे. आधी चालू भाडं, मग थकबाकी, मग डिपॉझिट, मग तारीख, आणि शेवटी "नाही जमलं तर काय".

समजा कोपरखैरण्यातली एक रूम, भाडं १२,०००, डिपॉझिट ५०,०००, नवऱ्याची नोकरी गेली आणि चार महिने थकले, म्हणजे ४८,०००. आता नवी नोकरी लागलीये २१,००० ची, बायको डबे करून १०,००० आणते. मालक म्हणतो ४८,००० टाका नाहीतर निघा. भाडेकरू म्हणतो महिन्याला दोन-दोन हजार घ्या. दोघंही अडून. वेगळं बोलल्यावर कळतं की मालकाचा त्याच रूमवरचा हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि चार महिने तो पगारातून भरतोय, त्याला थकबाकीपेक्षा ५ तारखेची काळजी जास्त आहे. मग असं बसतं: भाडं दर महिन्याच्या ३ तारखेला यूपीआयने, चुकायचं नाही. थकबाकीतले २४,००० डिपॉझिटमधून वळते, डिपॉझिट उरलं २६,०००. बाकीचे २४,००० महिन्याला ३,००० करून आठ महिन्यांत. म्हणजे महिन्याला १५,००० जाणार, हातात १६,००० उरणार, त्यात घर चालतं का हे तिथेच बायकोला विचारायचं, नवऱ्याला नाही.

आणि राहणं शक्यच नसेल तर? तर निघायचं नीट ठरवा. यात हार वगैरे काही नाही, उलट हे ठरलं नाही म्हणूनच कुटुंबं रस्त्यावर येतात. दहावीची परीक्षा होईपर्यंत मुदत, डिपॉझिटमधलं किती आणि कधी परत (अर्धं नवी रूम बघताना, अर्धं चावी देताना, कारण नव्या ठिकाणी डिपॉझिट आधी लागतं), आणि पुढच्या मालकाने फोन केला तर हा मालक काय सांगणार, हे सुद्धा बोलून घ्या.

### घरातल्या घरातला वाद असेल तर

ऐरोलीच्या एखाद्या एलआयजी (अल्प उत्पन्न गटाच्या) रूमचं घ्या, घर आईच्या नावावर, दोन भाऊ, धाकट्याचं लग्न झालं आणि थोरल्याला जा म्हणतात. पहिल्या पाच मिनिटांत विषय मालकीवर जातो, "बाबांनी पैसे भरले होते", आणि तिथून परत येत नाही. मध्यस्थाने मालकीचा विषय बाजूला ठेवायचा, तो वकिलाचा. इथे फक्त वापर बोलायचा: आतली खोली कुणाची, पोटमाळा कुणाचा, बाथरूमची सकाळची वेळ, लाईट बिल कोण, आईचं जेवण आणि औषध कोण, आणि थोरल्याने दुसरी जागा बघेपर्यंत किती महिने. अशा घरात वाद चावीवर येऊन थांबतो हे मी फार वेळा बघितलंय, कुलूप बदललं आणि एकाला चावी दिली नाही. चाव्या किती, कुणाकडे किती, हे कागदावर घ्या.

सावधान: अशा बैठकीत हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, कोरा स्टॅम्प पेपर, काहीही सही करायचं नाही. कुणी आग्रह धरला तर बैठक तिथेच थांबवा.

म्हाताऱ्या आई-वडिलांनाच बाहेर काढत असतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर कलम २३ खाली परत मागता येतं. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७. पण उलटही लक्षात ठेवा, सासू-सासऱ्यांच्या नावाने हाच कायदा वापरून सुनेला घराबाहेर काढता येईल असं समजू नका, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुनेचा राहायचा हक्क असा सहजी उडवता येणार नाही असं म्हटलंय.

## ७. लिहा, त्याच दिवशी

"नंतर टाईप करून पाठवतो" म्हणजे कधीच नाही. हाताने लिहा, वाचून दाखवा, ज्याला वाचता येत नाही त्याला परत सांगायला लावा. त्यात एवढं पाहिजे: दोघांची नावं आणि घराचा पत्ता, आजची बाकी आकड्यात आणि अक्षरात, हप्ता किती आणि कुठल्या तारखेला, डिपॉझिट आता किती उरलं, एखादा हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत, परत बसायची तारीख, आणि तोवर मालक पाणी-लाईट तोडणार नाही, भाडेकरू पोटभाडेकरू ठेवणार नाही. दोघांच्या सह्या, बायकोची पण सही, मध्यस्थांच्या सह्या. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर केलं तर चांगलं.

आता महत्त्वाचं. असा वस्तीतला कागद कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा नसतो, उद्या मोडला तर थेट बजावणी होत नाही. पक्कं करायचं असेल तर दोघांनी मिळून तो विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून ठेवायचा. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच असतो, कोर्ट फी लागत नाही, पण त्यावर अपीलही नाही. म्हणून लोकअदालतीत सही करायच्या आधी आकडे परत एकदा तपासा.

राहायची मुदत वाढली असेल तर नवीन लिव्ह अँड लायसन्स ऑनलाईन नोंदवून घ्या. हे राहिलं की सहा महिन्यांनी सगळे परत तिथेच.

## ८. पहिले तीन महिने

मोडतं ते इथेच. यूपीआय करताना रिमार्कमध्ये "भाडं जून" आणि "थकबाकी हप्ता १" असं वेगवेगळं लिहा, शक्यतो दोन वेगळे व्यवहार करा. मध्यस्थांपैकी एकाने ४ तारखेला दोघांना फोन करायचा, हे बैठकीतच नेमून द्या.

पैसे जमणार नाहीत असं दिसलं तर तारखेच्या आधी सांगा. ३१ ला सांगितलेली अडचण मालक ऐकून घेतो, ६ ला सांगितलेली तीच अडचण त्याला बहाणा वाटते.

मालकाने मोडलं, म्हणजे पाणी तोडलं, कुलूप घातलं, सामान बाहेर काढलं, तर अंगावर जाऊ नका. फोटो, व्हिडिओ, ११२. भाडेकरूला आवश्यक सेवा तोडण्याविरुद्ध भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे, आणि कायदेशीर प्रक्रिया न करता जागेतून काढलं तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. सहा महिने, त्यापुढे ते कलम उपयोगी नाही.

## ९. बैठक फसली तर

दुसरी तारीख मागा, एकदाच. मालक आलाच नाही तर मेसेज, अर्ज, हिशोबाचं पान सगळं फाईलला लावून ठेवा.

आणि समन्स आलं तर ते घ्या. दार लावून घेतल्याने, "नवरा घरी नाही" सांगितल्याने काही थांबत नाही. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडचं (भाडे नियंत्रण कायद्याखाली असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडचं) समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरून हुकूम होतो. जुन्या भाडेकरूंना थकबाकीच्या दाव्यात समन्सपासून ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के साध्या व्याजाने भरून घर वाचवायची संधी असते. समन्स मिळाल्याची तारीख पाकिटावर पेनाने लिहा, पाकीट फेकू नका, आणि त्याच आठवड्यात फाईल घेऊन कोर्ट नाक्याला किंवा पनवेलला मोफत वकिलाचा अर्ज टाका. अर्जासोबत आधार, उत्पन्नाचा दाखला (लागू असेल तर), समन्सची झेरॉक्स आणि बैठकीत झालेला कागद, मूळ प्रत मात्र कुणालाच द्यायची नाही, वकिलालाही झेरॉक्सच.